जीव मुठीत

कोपनहेगन, १९५२

मी दातांचा विद्यार्थी, दुसऱ्या वर्षाला.
कुठल्या दाढेला किती मुळं, एवढंच पाठ.
हातात एक रबरी पिशवी दिली आणि सांगितलं,
दाब. सोड. मिनिटाला वीस वेळा.
आठ तासांनी बदली येईल.

पिशवीची नळी टोव्हेच्या गळ्यात,
आवाजाच्या खाली पाडलेल्या भोकात.
टोव्हे अकरा वर्षांची, छापखान्यातल्या जुळाऱ्याची मुलगी.
तापाच्या तिसऱ्या दिवशी मानेपासून खाली
सगळं शरीर कुणीतरी बंद करून निघून गेलं.
जीव मुठीत धरून बसणं म्हणतात ते मी
अक्षरशः केलं.
जीव तेवढा माझा नव्हता.

मला वाटायचं, माणूस हवा ओढतो.
थ्युरा सिस्टर रात्री पाव कापता कापता म्हणाली,
ओढत कुणी नाही. बरगड्यांखाली मांसाचा घुमट आहे,
तो खाली बसतो, आत जागा होते,
आणि हवा येते, दार उघडं राहिलं की मांजर येते तशी.
टोव्हेचा घुमट हलत नव्हता.
मी बाहेरून ढकलत होतो,
नको म्हणणाऱ्या पाहुण्याला घरात घालावं तसं.

खिडकीबाहेर लिंडेनची झाडं, पानं झडलेली.
एक खोड, दोन फांद्या, मग मोजू नयेत इतक्या डहाळ्या.
आत तसंच, फक्त उलटं टांगलेलं,
आणि शेवटच्या डहाळीला बुडबुड्यांचा घोस.
बुडबुड्याची भिंत इतकी पातळ
की भिंत म्हणायला संकोच वाटावा.
पलीकडे रक्त, एकेक पेशी, अंग चोरून, रांगेत.
पाऊण सेकंद मिळतो प्रत्येकीला.
तेवढ्यात प्राणवायू उचलायचा,
जळकं खाली ठेवायचं,
मागचीला जागा द्यायची.

पहिल्या रात्री मी हलकेच दाबत होतो,
तिला दुखेल म्हणून.
गाल गुलाबी. म्हटलं, छान चाललंय.
पण कपाळावर घाम, नाडी पळती, डोळे कुठेतरी लांब.
थ्युरानं माझ्या मुठीवर मूठ ठेवून पिशवी पुरती पिळली.
"घेतेय ती. द्यायचं राहतंय.
देणी थकलीत तिच्या रक्तात. फेड."

नळीच्या वाटेवर चुन्याचा डबा होता,
टोव्हेनं टाकलेलं जळकं शोषणारा.
पहाटेपर्यंत तो कोमट झाला.
मी त्याला हात लावून बघायचो,
आई पोराच्या कपाळाला लावते तसा.

ती जिभेनं टक् करायची.
एकदा म्हणजे आणखी. दोनदा म्हणजे पुरे.
मी तिला भूमिती वाचून दाखवली, बुटांच्या जाहिराती,
बंदरातल्या बोटींची वेळापत्रकं,
आणि मधेच कधीतरी माझा श्वास तिच्या तालावर गेला.
कोण कुणाला दम देतंय, कळेना.
(पुढं अडतीस वर्षं दात काढले.
खुर्चीतल्या माणसानं श्वास रोखला
की माझी उजवी मूठ अजून मिटते.)

पलीकडच्या खाटेवर गोदीतला कामगार होता.
त्याची पिशवी युट्टेकडे.
रात्री दिवे मंद असायचे.
उजाडल्यावर थ्युरानं सवयीनं त्याच्या डब्याला हात लावला.
चुना गार होता.
किती वेळ, कुणाला सांगता आलं नाही.
हवा आत गेली होती आणि होती तशी परत आली होती,
घरी कुणी नाही म्हणून पत्र परत यावं तशी.
युट्टे दाबतच होती.
बोटं एकेक करून सोडवावी लागली.

नाताळ उलटल्यावर एका सकाळी
माझी मूठ मिटायच्या आधीच
पिशवी जराशी आक्रसली.
वाटलं, गळतेय. जोड तपासला.
पुन्हा.
मी दाबलं नव्हतं.
रबराला आतून कुणीतरी चिमटीत धरलं होतं.
टोव्हे छताकडे बघत होती, भुवया आवळून,
हातचा धरून बेरीज करताना मुलं बघतात तशी.
टक्.
मी पुढच्यासाठी बोटं आवळली.
टक्.